बिनखांबाची गॅलरी

वर्धा, सोमवार, ३ फेब्रुवारी १९५८

ती. कवडूदादाले पंचफुलाचा जयभीम.

तीन रात्री झाल्या, मले झोप नाई. पोरीनं नाई जागवलं, शेठच्या इमारतीनं जागवलं. तू हापिसात जिचा नकाशा उतरवला, तेच.

तीन मजले, सहा बिऱ्हाडं, संडास बी घरातच. माह्यासंगं घमेलं उचलणारी भागीरथा म्हणते, पैसेवाले बी आता आपल्यावाणी एकमेकाच्या डोक्यावर राहाले येऊन राह्यले. हसलो आम्ही. पण समोरची गॅलरी पाहिली का माहं हसू जाते. सात फूट बाहेर, अन् खाली एक खांब नाई. काऊन, त शेठची मोटार फिरली पाहिजे.

तू आलता तवा नकाशा दाखवलता. गॅलरीची सळाख म्हणून तांबडी रेघ होती, ते वरच्या अंगाले होती. इथं माल ओततानी म्या पाहिलं, सळाख तळाले. यायले, पोरीच्या बापाले, सांगतलं त म्हणे, पंधरा वर्षं मिस्त्री हावो, सळाख तळालेच राह्यते, तू आपलं घमेलं पाय.

शनिवारी गॅलरीले खालून टेकू देलेल्या बल्ल्या काढतात. दीक्षा घेतल्यापासून यायनं नारळ फोडणं सोडलं, पण बल्ल्या काढतानी मिस्त्रीनं स्लॅबखाली उभं राहाचं, ते नाई सोडलं. मालकाले भरोसा पाहिजे म्हणे. मी चुकली असन त येडी म्हणजो, पण लवकर लिहिजो. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही पंचफुला

नागपूर, बुधवार, ५ फेब्रुवारी

चि. पंचफुलास कवडूचा जयभीम, भाचीला गोड पापा.

तू येडी नाईस. ती रेघ मीच ओढली, वरच ओढली. खोलीच्या स्लॅबला दोन्हीकडून भिंत असते, तिथं सळाख तळाला चालते. ही गॅलरी एकाच बाजूनं धरलेली. आधार काढला की वरून फाटेल आणि कोसळेल. बल्ल्या हलवू देऊ नको. इमारत आखणारे आमचे साहेब मुंबईला गेले, शनिवारी सकाळी हापिसात येतील. शेठ ऐकेल तर त्यांचंच. प्रेमदासजींना हे पत्र दाखव, पण भांडू नको. साळ्याचं ऐकायला कोणाला आवडतं?

माझा सारा जीव तिकडे लागला आहे.

कवडूदादा

वर्धा, शनिवार, ८ फेब्रुवारी, सकाळी

पोस्टातल्या बाबूले, नाई त हे जो वाचन त्याले, जयभीम.

मी प्रेमदास मिस्त्रीची बायको. माह्या भावाचं पत्र यायले दाखवलं. म्हणे, तुहा भाऊ कागदावर घर बांधते, मी जमिनीवर. शेठ बी हसला. आज त्याचे पाहुणे गॅलरी पाहाले येऊन राह्यले.

मंग मी पोरीले घेऊन गॅलरीखाली बसली, बल्लीले पाठ लावून. हे लय रागावले, हात धरून ओढलं. पोरगी रडाले लागली तवा सोडलं. बाराचा भोंगा होयेपर्यंत बस म्हणे, मंग दोघीले उचलून बाजूले ठेवतो. अन् मंग बल्ल्या काढतानी ते एकटे खाली उभे राहतीन.

मले उठता येत नाई, उठली का बल्ल्या काढतीन. म्हणून चिठ्ठी भागीरथापाशी देली. दादाचं पत्र संगं हाय, त्याच्या माथ्यावर हापिसाचा नंबर छापला हाय. साहेब आज तिथं हायेत, त्यायनं शेठले आत्ताच सांगावं. बाबू, पाया पडते. बाराच्या आत माह्या दादाले फोन करा.