वाट्याचं मांस

काऊलून, २ नोव्हेंबर

चि. क्वोक-हिंग यास अनेक आशीर्वाद.

गावाहून पाठवलेलं भाजकं डुकराचं मांस पोचलं. पूर्वजांच्या पूजेतला वाटा लेकींना कधी मिळत नाही. बाबा होते तेव्हाही मला शेपटीचं टोक मिळालं नाही. म्हणून शेजारणींना बोलावून खाऊ घातलं आणि नको तेवढं मिरवलं. कातडी मात्र मऊ पडली होती. खाटकाला माझ्या वतीने बोल.

साउ-यिंगवहिनी सांगत होती, आपल्या कुळाच्या सामाईक तळ्याचं दार हल्ली बंदच असतं. भरतीचं पाणी आत आलं नाही तर तिची कोळंबी येणार कुठून? त्या विधवेचं पोट त्या दारावर आहे. तळ्यातली खारफुटीही पिवळी पडली म्हणे. कुलूप गंजलं असेल तर तेल घाल. तुझा आळस जुनाच आहे.

तुझी ताई

शा-पू, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

कुलूप गंजलेलं नाही, नवं आहे. खारफुटीची फांदी तोडली तर सरकार कोर्टात खेचतं. दार बंद ठेवायला कायदा आड येत नाही, असं काकामंडळी म्हणतात. झाडं आपोआप वाळली की तळं बांधकामाला मोकळं. वहिनीने हरकत घेतली आहे. जानेवारीतल्या सुनावणीला ती तुला साक्षीला बोलावेल. येऊ नकोस. कुळाचं मांस खाल्लं की कुळाचा निर्णय मान्य, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. वाटा त्यासाठीच पाठवला होता. राग नसावा.

क्वोक-हिंग

काऊलून, १४ नोव्हेंबर

चि. क्वोक-हिंग यास, आशीर्वाद या खेपेला जरा आखडत्या हाताने.

मला वाटलं, भावाला बहिणीची आठवण झाली. या वयात एवढा भाबडेपणा. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी एवढं लॅटिन घोकून घेतलं, त्याऐवजी भाऊ ओळखायला शिकवायला हवं होतं. काल वहिनीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती रागावली नाही. चहा ओतला आणि विचारलं, कातडी तरी कुरकुरीत होती का. माझी मान वर होईना.

सुनावणीला मी येणार. पहिलं वाक्य हेच असेल की मी खाल्लं. दुसरं, कोणी आणि का खाऊ घातलं. काकांना म्हणावं, हसायचं असेल तर पुढच्या रांगेत बसा.

ताई

शा-पू, ६ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू ‘मी खाल्लं’ म्हणालीस तेव्हा काका हसले. मला जमलं नाही. अधिकारी बाईंनी दाराचं विचारलं, तर कुलूप गंजलं असं सांगायचं ठरलं होतं. तुझं ते तेल आठवलं आणि खरं बोलून गेलो. पाणी अडवणं म्हणजे झाड तोडणंच, हा निकाल तुला कळलाच आहे. किल्ली आता वहिनीकडे असते. निम्मी खारफुटी मात्र गेली. मी तिथून मान फिरवून जातो, तर ती हाक मारून ओंजळभर कोळंबी देते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल वसंतातली पूजा झाली. मांस वाटताना काकांनी माझं नाव घेतलं नाही. लहानपणी रिकामं ताट घेऊन तू मागच्या वाटेने का यायचीस, ते मी कधी विचारलं नाही. काल मीही मागच्याच वाटेने आलो.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

तुझा क्वोक-हिंग