अडुसष्टनं गुणायचं

११ जानेवारी २०२४, नांदेड
थीसिसमधून चौथं प्रकरण काढ म्हणाले. काढ! माझं दोन वर्षांचं काम, आणि चौसाळकर सरांनी हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. गाईड आहेत, सही त्यांची लागते, त्यामुळं सांगू शकतात.

कारण काय, तर अडुसष्ट.

इथंच लिहिते, दुसरं ऐकणारं कोण आहे? ताऱ्यांच्या मधे थंड ढग असतात – उणे दोनशे साठच्याही खाली. त्यातला नायट्रोजन दोन जातींचा, हलका आणि जड. जड किती हे कळलं तर आपल्या सूर्याभोवतीचा नायट्रोजन कुठून आला याचा माग लागतो. पण तो ज्यावरून मोजतात त्या हायड्रोजन सायनाइडच्या साध्या रेणूची वर्णपटातली रेषा इतकी दाट, की तिच्यावरून धड मोजमाप होत नाही. मग लोक त्याच रेणूचा जड कार्बनवाला भाऊ मोजतात आणि अडुसष्टनं गुणतात. एका जड कार्बनमागं अडुसष्ट हलके, अशी सरासरी धरलेली. कुठलाही ढग असो, तेच. मोजत कुणी नाही, गुणतात सगळे.

मी मोजलं. बाजूच्या फिक्या रेषा धरून, थेट. सरांच्या ढगात पन्नाससुद्धा भरत नाही. म्हणजे सरांचा तो गाजलेला निष्कर्ष – या ढगात जड नायट्रोजन कमी आहे – गेला! जड नायट्रोजन कमी नाहीच. गुणाकार जास्त झालाय.

१२ जानेवारी
डिपार्टमेंटला गेलेच नाही. कुणाचं तोंड बघायची इच्छा नाही.

१८ जानेवारी
आलेख घेऊन परत गेले. तुझी चूक शोध म्हणाले होते, म्हणून सहा दिवस शोधली. दुसऱ्या पद्धतीनं सगळं नव्यानं काढलं, उत्तर तेच. सरांनी कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही. म्हणाले, "तू लातूरची ना गं? दिलेलं असतं ते घ्यायचं असतं, एवढं शिकवलं नाही का क्लासमध्ये?"

शिकवलं ना. तेवढंच तर शिकवलं! दोन वर्षं पहाटेपासून क्लास. गणितात 'दिलेले आहे' लिहिलेलं असलं की त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघायचं नाही, वेळ जातो, रँक जाते. आम्ही सगळे तसेच घडलो. माझ्या पहिल्या तीन प्रकरणांत अडुसष्टच आहे आणि ते कुठून आलं हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. पडला तेव्हा असं झालं.

सर स्वतःही लातूरचेच. ते मात्र बोलले नाहीत.

२८ जानेवारी, किल्लारी
गावी आले. जेवताना अण्णांनी विचारलं, ढगात नायट्रोजन हाय म्हणतीस, मग आपला हरभरा पिवळा का पडायलाय? पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले.

मग त्यांना सगळं सांगितलं. अण्णा आठवी शिकलेले, पण मन लावून ऐकतात. सरांसारखं मधे घड्याळ बघत नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, सही कोण करणार? मी म्हणाले, सरच. "मग ते म्हणतेत तसं कर बाई आता. खरं काय ते मागून बोल. कोण धरून ठेवायलंय?"

मागून! आई म्हणते लग्नाचं आता बघू, तुझं मागून शिकत राहा. सर म्हणतात, पेपर मागून लिही. मी बेजार झालेय या मागूनला. अण्णांवर ओरडले आणि हात धुवून उठले. त्यांनी माझं ताट उचलून ठेवलं, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

६ फेब्रुवारी, नांदेड
काढलं.

सरांनी लगेच सही केली. शहाणी झालीस म्हणाले. मी घाबरले, सर. शहाणी नाही झाले. हे अर्थात मनातल्या मनात. तोंडानं 'थँक्यू सर'. लाज वाटते स्वतःची.

१९ जुलै
आला! बाहेरच्या देशातल्या लोकांचा पेपर. तीन ढग मोजलेत, त्यात एक आमचा. पद्धत तीच, फिक्या रेषांची. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा दोननं वेगळा, बस्स. अडुसष्ट सरसकट धरू नका असं शेवटी लिहिलंय. पेपर छान आहे, हेच जास्त झोंबतंय. पाय आपटावेत तर कुणापुढं?

सरांच्या टेबलावर प्रिंट नेऊन ठेवली. म्हणाले, आता बोलून काय उपयोग? बरोबर आहे. जानेवारीत बोलले तेव्हा तरी काय झाला होता?

३ डिसेंबर
व्हायवा बारा तारखेला. पुण्याहून परीक्षक येणार आहेत, आणि ते याच विषयातले. तो पेपर त्यांनी वाचलेला असणारच. अडुसष्ट का, हे विचारणारच. विचारू देत! या वेळी सगळं सांगणार – सर समोर बसलेले असताना, आकड्यांसकट. थीसिस परत पाठवला तर पाठवला. निदान एकदा माझ्या तोंडून निघू दे, मी मोजलं होतं म्हणून. एवढंच पाहिजे मला, दुसरं काही नको.

अण्णांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी जीप ठरवून टाकलीय. अख्खी भावकी येणार आहे.

१२ डिसेंबर
पहिलाच प्रश्न तो. मी तोंड उघडलं, तोवर सर उभे राहिले. म्हणाले, "हे मला विचारा. हिनं त्या पेपरच्या सहा महिने आधी मोजलं होतं. मीच काढायला लावलं. चूक माझी."

मग टाळ्या. परीक्षक खुर्ची सोडून आले, सरांचा हात हातात घेतला, असा प्रामाणिकपणा आता बघायला मिळत नाही म्हणाले. मग मला दोन किरकोळ प्रश्न. ते प्रकरण कुणी मागितलं नाही. डिग्री मिळाली.

अण्णांनी सरांना शाल घातली. डोळे पुसत मला म्हणाले, "लई मोठा माणूस हाय, तनू. पाया पड."

पडले.