काशिमिऱ्यामागचा धबधबा

रविवार, २७ ऑक्टोबर १९९१

आमच्या सोसायटीत सौंदर्यदृष्टी असलेला माणूस एकच, आणि तो ही डायरी लिहितोय.

ऑगस्टमध्ये एसटीने ठाण्याहून भाईंदरला घरी येताना काशिमिऱ्याच्या मागच्या डोंगरात एक धबधबा पाहिला होता. पांढराशुभ्र, चुन्याने रेघ ओढावी तसा. आज गच्चीवर विषय काढला. तळमजल्याच्या हंसाबेन म्हणाल्या, "धबधबा छोडो भाईसाब, नलके में पानी कब आएगा वो बोलो." गाढवाला गुळाची चव काय!

निश्चय : महिन्याभरात त्या धबधब्यावर चालत जायचं. पावसाळ्यात धबधबा कुणीही बघतो. खरा दर्दी नोव्हेंबरमध्ये जातो. चिखल नाही, गर्दी नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची किल्ली आजपासून माझ्याकडे. तीन पानी अर्ज कामी आला. चार वर्षं हे काम बाबुराव करायचे. रिटायर्ड माणूस. पहाटे नळ आला की मोटरच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसायचे, कोंबडी अंड्यावर बसते तसे. टाकी भरली की बंद. यात शास्त्र कुठे आहे?

मी हिशोब केलाय. गच्चीवरची टाकी ३८ मिनिटांत भरते. स्टूलची गरज नाही, घड्याळाची आहे. किल्ली देताना बाबुराव म्हणाले, "ओव्हरफ्लोचा पाइप अंगणाच्या बाजूला काढलाय, तेवढं सांभाळा." सांभाळा म्हणे!

जुनं कुलूप काढून सात लिव्हरचं नवीन लावलं. आता कुणाची लुडबूड नको.

रविवार, १० नोव्हेंबर

भाऊबीजेला आमच्या सौ. उर्मिलाचा भाऊ काशीनाथ आला होता, त्याबद्दल लिहायचं राहिलं. रागाने लिहिलं नव्हतं.

गिरगावात दीड खोलीत राहतो आणि आव असा की जणू राजवाड्यात. जेवता जेवता म्हणाला, "भाईंदरला आहे काय? मिठागरं आणि मच्छर." मी म्हटलं, धबधबा आहे. तो इतका हसला की श्रीखंड सदऱ्यावर सांडलं. उर्मिला उठून नळाखाली बादली लावायला गेली. नळ कोरडा होता.

तिचं हे गप्प राहणंच मला लागतं. गिरगाव सोडून इथे येऊन तीन वर्षं झाली. स्वतःचा वन रूम किचन, स्वतंत्र संडास, गॅलरीतून खाडीचा वारा. पण "इथे आलो ते बरं झालं" हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही आलेलं नाही. बादली उचलताना फक्त म्हणते, "गिरगावात नळ सोडला की पाणी यायचं हो." मला ते वाक्य एकदा ऐकायचंय. एकदाच. बाकी मला कुणाच्या मताची पर्वा नाही.

म्हणून २४ तारीख ठरली. उर्मिला, आमची लेक शालू आणि काशीनाथ, तिघांनाही धबधब्याखाली उभं करणार.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

उद्यापासून रोज पहाटे पाचला खाडीपर्यंत जलद चालणे. संध्याकाळी चार मजले दहा वेळा चढ-उतार.

बुधवार, १३ नोव्हेंबर

गजर झाला. बंद केला. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जिना एकदा चढलो. दुसऱ्या मजल्यावर जोशी भेटले, गप्पा झाल्या. गप्पा मारतानाही फुफ्फुसांना व्यायाम होतोच.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज जाऊन वाटेची पाहणी करणार होतो. केबिन रोडच्या बाजारात डोंगर चढायला हंटर शूज घ्यायला गेलो, त्यातच दुपार झाली. नाहीतरी पाहणी म्हणजे स्वतःवर अविश्वास.

परतीला पेणकरपाड्याच्या दशरथची रिक्षा मिळाली. २४ ला पहाटे ये म्हणून त्याला सांगितलं. त्याने रिक्षाच थांबवली. म्हणाला, "सायेब, आता तिथं पानी न्हाय. गनपती गेलं का खडक सुकतो. आमी गुरं न्यायचो ना तिथं." मी त्याला जमिनीखालचे झरे समजावून सांगितले. तो "बरं बरं" म्हणाला. गुरं वळून भूगोल कळला असता तर शाळा कशाला काढल्या असत्या?

शनिवार, २३ नोव्हेंबर

काशीनाथ मुक्कामाला आलाय. नवीन टॉवेल आणलाय, धबधब्यात भिजल्यावर पुसायला. आता कोण हसतं बघू.

सामान : होकायंत्र (सुई जरा अडकते), दोरी, थेपले (हंसाबेनकडून), पाण्याची एकच बाटली. धबधब्यावर जाताना पाणी वाहून नेणं हा शुद्ध मूर्खपणा.

रविवार, २४ नोव्हेंबर

पहाटे ६.०५

नळ वेळेवर आला. मोटर सुरू केली. कुलूप लावलं. ३८ मिनिटं.

उर्मिला ऐनवेळी येत नाही म्हणाली. "धुणं आठवड्याचं तुंबलंय, पाणी आलंय तर आज धुऊन घेते." शालूची उद्या चाचणी परीक्षा. हरकत नाही. काशीनाथ साक्षीदार पुरेसा आहे.

६.२०

दशरथ अर्धा तास आधीच आला आणि हॉर्न वाजवत सुटला. या लोकांना वेळेची किंमत नाही. निघालो.

८.३०

डोंगरात आहोत. करवंदीच्या जाळ्या, वाळलेलं गवत, सागाची पानं पायाखाली चुरचुरतायत. काशीनाथने बाटलीतलं निम्मं पाणी पहिल्याच चढावर संपवलं. गिरगावकर.

रुमाल काढताना खिशात मोटरची किल्ली हाताला लागली. क्षणभर काहीतरी आठवल्यासारखं झालं. मोटर बंद केली असणारच. माझ्यासारखा माणूस विसरत नाही. आणि खोलीला सात लिव्हर. बाबुरावांनी कितीही मनात आणलं तरी आत जाता येणार नाही. निश्चिंत.

१०.१५

होकायंत्र उत्तर दिशा दोन ठिकाणी दाखवतंय. पाणी संपलं. थेपले घशाखाली उतरत नाहीत. काशीनाथने टॉवेल डोक्यावर घेतलाय. म्हणाला, "भावोजी, हा टॉवेल आज ओला होणार घामानेच." दुर्लक्ष केलं.

११.४०

एका मोठ्या काळ्या खडकाच्या पायथ्याशी बसलोय. सावली बरी आहे. धबधबा इथून फार लांब नसावा. आवाज येत नाही, पण वारा उलट दिशेचा आहे.

११.५५

लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी आली. तिला धबधबा कुठे म्हणून विचारलं. तिने मोळी खाली ठेवली, आमच्याकडे बघितलं, वर खडकाकडे बघितलं. म्हणाली, "त्याच्याखालीच तं बसलाव."

काशीनाथ हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हातारीने आपल्या पाण्यातलं आम्हाला दोन-दोन घोट दिले आणि वाट दाखवली.

संध्याकाळी ५.००

दोनला परतलो. आमचं अंगण ओलंचिंब. मोटरच्या खोलीचं कुलूप फुटलेलं. दारात स्टूल टाकून बाबुराव बसले होते, हातात हातोडी. मोटर कोरडी फिरून जळाली.

घडलं ते असं. कधी नव्हे ते आज नळ साडेआठपर्यंत चालू होता. टाकी पावणेसातला भरली आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून चार मजल्यांवरून पाणी अंगणात कोसळायला लागलं. पावणेदोन तास. माझं कुलूप फोडायला बाबुरावांना तेवढा वेळ लागला. चांगल्या प्रतीचं कुलूप होतं, हे मी सर्वांसमोर सांगितलं. एकेक जण जिना चढून वर गेला.

शालू मात्र सारखी बोलतेय. आधी सगळे ओरडले, म्हणे. मग पोरं खाली शिरली, मग हंसाबेन साडीसकट. आणि मग आई. धुण्याची बादली ठेवून, पदर खोचून आई पाण्याखाली उभी राहिली आणि डोळे मिटून हसत होती. शालू म्हणाली, "बाबा, मी आईला असं हसताना कधी बघितलंच नव्हतं. आणि हंसाकाकूंना ती काय म्हणाली माहितीय? आम्ही इथे राहायला आलो ते बरं झालं."

काशीनाथने कोरडा टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. "भावोजी, धबधबा होता खरा," म्हणाला. सहाच्या गाडीने जाईल.

सोमवार, २५ नोव्हेंबर

किल्ली बाबुरावांना दिली. कुलपाचे तुकडेही.

नळ आला होता, पण मोटर नाही म्हणून पाणी वर चढलं नाही. अख्खी बिल्डिंग खालून बादल्या वाहतेय. मीही सहा वाहिल्या. चार मजले. व्यायाम झाला.

रात्री उर्मिलाला विचारलं, काल खाली हंसाबेनना काय म्हणालीस? म्हणाली, आठवत नाही. मग विचारलं, पाणी कसं दिसत होतं तेवढं तरी सांग. तिने लाटलेली पोळी तव्यावर टाकली.

"सांगून काय कळणार," म्हणाली. "तुम्ही घरी असायला हवं होतं."