चंद्रावरचे अकरा ठिपके

रवि. ८ जाने. '०६
सायं. ५॥, गच्ची. चंद्राचे लागोपाठ सहा फोटो. कॅमेरा लेकीचा, सुजाताचा. हिंजवडीच्या नोकरीतून तिला मान वर करायला फुरसत नाही, म्हणून माझ्याकडे.

कॉम्प्युटरवर पाहिले. तिसऱ्या फोटोत, चंद्राच्या उजव्या कडेला, काळे ठिपके. अकरा.

परवाच डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागलाय, काळे ठिपके दिसतील. शुक्रवारी ऑपरेशन. नंतर किती दिसेल, सांगता येत नाही. घरी अजून बोललो नाही.

सोम. ९
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं तोफगोळ्यांच्या एक्स-रे फिल्मा तपासल्या. शंका आली की फिल्म उलटी धरायची. डाग तिच्याबरोबर फिरला तर फिल्मवरचा. नाही फिरला तर डोळ्यातला, तपासणाऱ्याने घरी जावं.

फोटो उलटा कसा करतात ठाऊक नाही. मॉनिटरच उलटा केला. जड धूड! वायर निघाली, पडदा काळा. तेवढ्यात सुजाता कंपनीच्या बसमधून उतरून दारात.

"बाबा, हे काय चाललंय?"
"तपासणी."
"मॉनिटरची?"

तिने वायर लावली, एका बटणात फोटो फिरवला. ठिपके फिरले. तरी विचारलं, तुला किती दिसतात? बोट ठेवून मोजले तिने. "अकरा."

डोळे भरून आले. चष्मा पुसायला घेतला.

"लेन्सवरची धूळ असेल," ती म्हणाली. पण धूळ जागची हलत नाही. दुसऱ्या फोटोत काहीच नाही, चौथ्यात ठिपके पुढे सरकलेले. मोठं करून पाहिलं. प्रत्येकाला पंख! काहींचे वर, काहींचे खाली.

पक्षी. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणार नाहीत इतक्या उंचावर, आमच्या पाण्याच्या टाक्यांवरून.

मंगळ. १०
सु.च्या ऑफिसात एक पक्षीवाली आहे, तिची मेल. पट्टकादंब असावेत, नक्की सांगता येत नाही. हंसासारखा पक्षी. हिमालय ओलांडून येतो.

हिमालय! आणि खाली वारज्यात आम्ही भाजी निवडत बसलेले. किती वर्षं जात असतील असे डोक्यावरून... दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

जेवताना सु.ला डोळ्याचं सांगितलं. घास तसाच हातात.
"आणि हे आत्ता सांगताय?"
नंतर ताट उचलताना पाठीवर हात ठेवून गेली.

गुरु. १२
उद्या सकाळी ७ ला दवाखाना. सु.ने रजा टाकली.

सायंकाळी गच्चीवर एकटाच. चंद्र समोरच्या इमारतीवर नुकता आलेला, जवळजवळ पूर्ण. डावा डोळा हाताने झाकला. उजव्याने कसा दिसतो ते एकदा नीट बघून ठेवावं म्हणून. कडा विरघळलेली, बाजूला सावली. तरी केवढा!

त्यावरून काहीतरी हळूच गेलं. काळं, रांगेत.

डावा उघडला असता तर कळलं असतं. नाही उघडला. फार सुंदर होतं.