सामना नसलेला शनिवार

शनिवार, २९ नोव्हेंबर. नॉटिंगहॅम, संध्याकाळ

पाच वाजता सवयीने टीव्ही लावला. सामना नव्हताच.

दादा आणि मी अमेरिकेतल्या दोन हाडवैरी विद्यापीठांत शिकलो. त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक सामना माझ्याकडे पाहायला तो दर नोव्हेंबरला कार्डिफहून येतो. वर्षातली आमची तेवढीच भेट. हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याची टोपी दिवसभर घालायची. गेल्या वर्षी मी हरले. त्याची निळी टोपी अजून इथेच खुंटीवर आहे.

सकाळी त्याचा फोन आला. "काय गं, यंदा मॅच नाही, मग येऊन काय करू?"

मी समजावत बसले. त्याच्या विद्यापीठाने आमची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडली. नव्या गटाला प्रक्षेपण हक्कांचे जास्त पैसे मिळतात. गट बदलला की जुना सामना वेळापत्रकातून गळतो. किती मुद्देसूद बोलले मी.

"तास संपला का, बाई?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

ईशा सोफ्यावरून ऐकत होती. "आई, तू मामाला सगळं एक्स्प्लेन केलं. पण 'ये' असं बोललीच नाही."

खरेच. त्याने विचारले काय आणि मी उत्तर दिले कशाचे? दिवसभर हेच डोक्यात, आणि समोर ती टोपी.

शेवटी ती घालून फोटो पाठवला. खाली लिहिले, "पुढच्या शनिवारी ये. सामना नाही. स्टेशनवर हीच घालून येते."

तासभर झाला, उत्तर नाही. टोपी अजून डोक्यावरच आहे.