जिभेचा उपवास

दि. २ मार्च

ति. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे टेकायला डॉक्टरांनी मनाई केली म्हणून पहाटेची प्रार्थना आता खुर्चीत बसून करतेस, असं लिहिलंस. ताई, खुर्चीला पाठ टेकली की तुझा डोळा लागतो हे मी लहानपणापासून पाहत आलोय. भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटत असेल की या बाई प्रार्थनेत किती रंगतात, घोरल्यासारखा आवाज येतो.

इकडे माझी पंचाईत झालीय. उपवासकाळात कोण काय सोडणार, असं पाळकसाहेबांनी विचारलं. कुणी चहा सोडला, कुणी गोड. माझ्या तोंडून निघून गेलं की मी जिभेचा उपवास करीन, ईस्टरपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलणार नाही. शेवटच्या बाकापर्यंत खसखस पिकली. तुझ्या भावजयीला हसू आवरेना, तिने गीतांचं पुस्तक तोंडावर धरलं. पाळकसाहेब एवढंच म्हणाले की न्हाव्याने असला नेम करायचा म्हणजे हलवायाने साखरेला हात न लावण्यासारखं आहे.

खरं आहे ते. मानेभोवती कापड बांधलं की माणसाचं मन मोकळं होतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून माहेरी गेली, सगळं माझ्या कात्रीखालून जातं. आता मी नुसता हं हं करतो. जबडा दुखायला लागलाय.

काल मात्र कसोटी लागली. कोपऱ्यावरचा कापडवाला दाढीला आला. कानाखालून गळ्यापर्यंत लाल चट्टे उठलेले. मी वस्तरा लावला नाही, आधी डॉक्टरांना दाखवा म्हणालो. तो फणकाऱ्याने उठला आणि थेट समोरच्या दुकानात शिरला. समोरचा म्हणजे आपला लंबू. बाबांच्या हाताखाली माझ्याबरोबर शिकला, आपल्या घरात मुलासारखा वाढला आणि बाबा गेल्यावर वर्षाच्या आत रस्त्यापलीकडे आरसे लावून बसला. पुढे लिहीत नाही. पत्रातलं जिभेत धरायचं की नाही, हे पाळकसाहेबांना विचारायचं राहून गेलंय.

प्रार्थनेत जागी असलीस तर माझी आठवण ठेव.

तुझा धाकटा भाऊ


दि. ९ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ. प्रभू तुझ्या जिभेचं रक्षण करो, आणि आमचं तिच्यापासून.

पत्र कपड्यांच्या खोलीत वाचलं. दवाखान्यातल्या चादरींच्या थप्प्या लावत होते, मध्येच हसले तर परीट विचारायला आला की बाई, बरं वाटतंय ना. पत्रातलं जिभेत धरायचं, असं मी पाळकसाहेबांच्या वतीने कळवते. तेव्हा लंबूबद्दलच्या त्या ओळी तुझ्या खात्यावर लागल्या.

माझ्या घोरण्याची काळजी करू नकोस. देवापुढे झोप लागणं हाही विश्वासच आहे. पण नेम सोपा नसतो हे तू आता शिकतोयस, त्याचा आनंद वाटतो. मीही पहाटे उठते ती काही दर वेळी भक्तीने नाही. पुष्कळदा नुसती सवय उठवते, भक्ती मागून डोळे चोळत येते. येते मात्र. तू हं हं करत राहा.

लंबू उपासनेला येतो का, हे तू कधीच लिहीत नाहीस. त्याला पेन धरायला मी शिकवलं होतं. त्याच्या अक्षरांच्या टांगा त्याच्याइतक्याच लांब असायच्या. त्याने दुकान वेगळं का काढलं, हे मी ना त्याला विचारलं ना तुला. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. भावजयीला माझे आशीर्वाद, आणि हसली याबद्दल शाबासकी.

तुझी ताई


दि. १८ मार्च

ति. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

यंदा तुझ्या भावाने कमाल केली, हे तुला कुणीतरी कळवायला हवं, म्हणून मीच कळवतो.

कापडवाल्याची मान चांगलीच चिघळली. तो गावभर सांगत सुटलाय की लंबूच्या घाणेरड्या वस्तऱ्याने हे झालं. लंबूच्या दुकानाकडे चिटपाखरू फिरकेना. माझ्याकडे बाकावर बसायला जागा नाही. येणारा प्रत्येक जण मला डिवचतो की तुम्ही जुने जाणकार, तुम्हीच सांगा त्याची हत्यारं कशी असतात. ताई, दुसऱ्या कुठल्या वर्षी मी काय काय बोललो असतो ते तू जाणतेस. पण एक शब्द काढला नाही. तोंड मिटून साबणाचा फेस करत राहिलो. शाळामास्तर तर म्हणाले, तुमच्या गप्प बसण्यातच सगळं आलं.

लंबू उपासनेला येतो. शेवटच्या बाकावर बसतो आणि शेवटचं गीत सुरू झालं की निघून जातो. गेल्या रविवारी आलाच नाही. समोरून दिसतो. रिकाम्या खुर्चीचे हात पुसत असतो, परत परत तेच.

पाळकसाहेबांनी माझी पाठ थोपटली. थोडं फुगायला होतंय, पण फुगण्याचा उपवास मी धरलेला नाही.

तुझा संयमी भाऊ


दि. २३ मार्च

चि. संयमी भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसत वाचलं. दुसऱ्यांदा नाही.

मी म्हातारी होत चालले आहे, चुकत असेन तर सांग. ज्या कापडवाल्याला तू वस्तरा न लावता परत पाठवलंस, तो हाच ना? चट्टे तू स्वतः पाहिलेस. लंबूच्या खुर्चीत बसण्याआधी पाहिलेस. हे सगळ्या गावात तुझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही. आणि तू फेस करत बसलास.

बाळा, तू उपवास धरलास तो वाईट बोलण्याचा. खरं बोलण्याचा उपवास कुणी सांगितला होता? मास्तर बरोबर म्हणाले, तुझ्या गप्प बसण्यातच सगळं आलं. लोकांना जे ऐकायचं होतं ते तू न बोलता ऐकवलंस. जन्मभर मी तुला तोंड आवर म्हणत आले. आज पहिल्यांदा म्हणते आहे की तोंड उघड, आणि तूच बघ कसं नेमकं मिटून बसला आहेस.

लंबूने बाहेर पडून चूक केली असेल, नसेलही. पण एवढ्या वर्षांत त्याने पाणी उकळून हत्यारं धुतली नाहीत असं एकदा तरी तू पाहिलंस का? बाबांनी दोघांना एकाच पातेल्यापाशी उभं करून शिकवलं होतं.

आज पहाटे मी झोपले नाही. तुमच्या दोघांसाठी जागी होते. पाठ टेकली नव्हती.

रागावलास तरी लिही.

तुझी ताई


दि. २७ मार्च

ति. ताईस, सलाम.

होय, तोच कापडवाला, तीच मान. पत्र आल्यापासून माझं ताट अर्धं परत जातं. तुझी भावजय विचारते काय झालं, तिला सांगवत नाही. पाळकसाहेबांनी थोपटलेली पाठ आता टोचते आहे. गाव भरून माणसं ऐकायला बसली आहेत, आणि पहिला शब्द कोणता काढू ते सुचत नाही.

भाऊ


दि. ५ एप्रिल

ति. ताई यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

अक्षर ओळखलंत का? टांगा अजून लांबच आहेत. तुम्ही लिहू की तू, हे ठरवण्यात दोन कागद फाडले.

तुमच्या भावाने काय केलं ते तो स्वतः कळवणार नाही, म्हणून मी लिहितो. शनिवारी त्याच्या दुकानात दाटी होती. कापडवालाही मानेला पट्टी बांधून आला होता. आपल्या भावाने हातातली कात्री खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की हे चट्टे आधीपासून होते, मी ते डोळ्यांनी पाहिले आणि म्हणूनच यांना परत पाठवलं, आणि इतके दिवस मी बोललो नाही कारण मला ते सोयीचं होतं. मास्तर तिथे होते, त्यांनी मला शब्दन् शब्द सांगितला. कापडवाला आधी तडकला, मग म्हणाला की डॉक्टरही तसंच काहीतरी बोलले होते.

त्यावर थांबला असता तर पुष्कळ होतं. पण तो अर्धे केस कापलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून रस्ता ओलांडून आला, माझ्या खुर्चीत बसला आणि मान वर करून म्हणाला, दाढी कर. काचेला बाहेरून माणसं चिकटली होती. ते अर्धं गिऱ्हाईकही कापड गुंडाळून उभं होतं.

मी वस्तरा चालवायला घेतला. शिकताना आम्ही एकमेकांच्याच गालांवर हात बसवला होता, त्यामुळे त्याच्या हनुवटीखालचा खळगा मला पाठ आहे. मी बोलू नको म्हणून खुणावलं होतं. पण पातं नेमकं त्या खळग्यावर असताना याला माफी मागायची आठवण झाली. बाबा गेल्यावर त्यांच्या खुर्चीवरून मी तुला उठवलं ते, एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि कापलं गेलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा रक्त आलं, आणि तेही असल्या दिवशी. मी वस्तरा खाली ठेवला. त्याने मुकाट्याने तुरटी उचलून स्वतःच दाबली, कॉलर वर केली आणि हसत बाहेर गेला. लोकांनी दाढी कशी झाली विचारलं तर म्हणाला, बाबांसारखी. घरी वहिनींनी रक्त कशाचं विचारलं तर म्हणे, मी बोललो म्हणून आलं. त्या अजून हसताहेत.

मी का निघून गेलो होतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगतही नाही. ज्याला सांगायचं होतं त्याला ते ठाऊक होतं, एवढं त्या अर्ध्या वाक्यात कळलं. उरलेलं वाक्य त्याने अजून पुरं केलेलं नाही. रविवारी उपासनेत माझ्या शेजारी येऊन बसला, दोनदा घसा साफ केला, मग शेवटचं गीत सुरू झालं आणि राहून गेलं. त्याने मला गीत संपेपर्यंत उठू दिलं नाही, दंडाला धरून ठेवलं होतं.

ताई, तू त्याला लिहिशील तेव्हा एवढं कळव की ते वाक्य आता पुरं करू नकोस. अर्ध्यातच माझं भागलं. पुन्हा तोंड उघडशील आणि पुन्हा कापेल.

तुझ्या शिकवणीतला,
लंबू