पायी दहा मिनिटं

घाटकोपर,
४ जानेवारी २०२५

चि. मनालीस,
सप्रेम जय भीम.

बोरिवलीला जाऊन मोठी मॅडम झालीस, आत्याला एक फोन नाही. असो. फोनवर मला नुसतं रडू येईल, म्हणून लिहिते. आपल्या वस्तीतलं वाचनालय एक तारखेपासून बंद झालं. नोटिशीत म्हटलंय, पायी दहा मिनिटांवर दुसरं आहे. आहे ना, पण हायवेच्या पलीकडे! माझी चेतना यंदा बारावीला. घरात अभ्यासाला जागा कुठाय? रोज मैत्रिणींबरोबर दुभाजकावर चढून पलीकडे जाते. काल टँकर ओढणीला घासून गेला म्हणे. हसत सांगत होती गं!

तू नकाशांचंच काम करतेस ना? हे दहा मिनिटांचं गणित कुणी केलं ते शोधून काढ.

माया आहेच, आधी एवढं काम कर.
तुझी सुगंधाआत्या

बोरिवली,
८ जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

शोधायला नको. ते गणित माझंच आहे.

आमच्या ऑफिसने उपनगरातल्या त्रेचाळीस वस्त्यांचा नकाशा केला. कुठून वाचनालयाला पायी किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. पंधरा मिनिटांच्या आत दुसरं असलं, तर एक बंद करून त्याची पुस्तकं जिथे काहीच नाही तिथे द्यायची. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. आपल्या वस्तीची वाट मी हायवेवरच्या पुलावरून काढली. शाळेत असताना रोज जायचे ना मी तिथून! तो पाडलाय हे मला आत्ता चौकशी केल्यावर कळलं.

आत्या, मला फार भीती वाटतेय. रिपोर्टवर माझी सही आहे, नोकरी जाईल. आणि चेतनाला काही झालं तर? तिला घराबाहेर सोडू नकोस. साहेब सुट्टीवर आहेत, आले की सांगते.

राग धर, पण मला टाकू नकोस.
तुझी मनाली

घाटकोपर,
११ जानेवारी

चि. मनालीस,
जय भीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चिडले. पूल पाडून दोन वर्षं झाली! तू रिक्षाने येतेस, रिक्षाने जातेस, तुला काय दिसणार?

चेतना ऐकत नाही, परीक्षा महिन्यावर आलीय म्हणते. काल सात वाजून गेले तरी पत्ता नाही. मी अनवाणी हायवेपर्यंत धावले. ती पलीकडे, मी अलीकडे, मधे गाड्या. मी हात हलवून थांब थांब करतेय, तिला वाटलं मी बोलावतेय. निघाली की! पोहोचली सुखरूप, पण तेवढ्यात मी मेले होते गं.

साहेबाची सुट्टी गेली खड्ड्यात. आजच फोन लाव. नोकरी गेली तर इकडे ये, दोन घास कमी पडणार नाहीत.

आत्याच आहे मी तुझी, अजून.
सुगंधा

बोरिवली,
१६ जानेवारी

प्रिय आत्या,
जय भीम.

पत्र मिळाल्या मिळाल्या फोन लावला. आवाज इतका कापत होता की साहेबांनी दोनदा विचारलं, कोण बोलतंय. काल मी वस्तीपासून लांबच्या सिग्नलपर्यंत आणि तिथून पलीकडच्या वाचनालयापर्यंत चालत गेले. अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. घरी आले नाही, तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. साहेबांनी चूक वर कळवली, शनिवारी आपल्या वाचनालयाचं कुलूप निघतंय. तोवर हात जोडते, चेतनाला धरून ठेव. माझ्या नोकरीचं अजून काही कळलं नाही.

बाकीच्या बेचाळीस वस्त्या तरी बरोबर आहेत का, असं साहेबांनी विचारलं. आहेत. त्या माझ्या ओळखीच्या नव्हत्या, म्हणून तिथे मी प्रत्येक वाट स्वतः चालून पाहिली. आपल्या वस्तीत काय बघायचंय, म्हणून फक्त तिथेच गेले नाही.

पूर्वीइतकी नाही, तरी थोडी माया राहू दे.
तुझी मनाली